बिल्कीसआपाचं पहिलं मत

साल २००६, जून महिना, तारीख एकोणतीस, गुरुवार. कुवेतमधल्या बायकांनी त्या दिवशी मजलिससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, पहिल्यांदा मत दिलं. तारीख माझ्या पक्की ध्यानात आहे, कारण त्या दिवसापायी मला तो देश सोडावा लागला.

मी आनंदी. राजापूर तालुक्यातली. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, हातात शिलाई होती. १९७८ साली, तेहतिसाव्या वर्षी, मी मिरकाबमधल्या एका लेडीज टेलरच्या दुकानात शिवायला म्हणून कुवेतला गेले. त्या दुकानात एक बाई कपडे शिवून घ्यायला यायची. अंगात काळा अबाया, बोलणं अस्सल कुवेती. तिसऱ्या खेपेला माप घेताना माझ्या हातून टेप पडली, तशी ती म्हणाली, "उचल गो. माझ्याच्यानं वाकवत नाही." मी टेप राहू दिली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले.

ती बिल्कीस. बाणकोटची. तिचे वडील मुंबईत एका कुवेती व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते. तिथे खजूर घेऊन येणाऱ्या खालिदने तिला मागणी घातली आणि अठराव्या वर्षी ती बोटीने कुवेतला आली. काही वर्षांत तिला नागरिकत्वही मिळालं. तेव्हा तेलाचा पैसा नुकता कुठे दिसू लागला होता. आमच्या ओळखीनंतर वर्षभरात तिने मला दस्मानमधल्या आपल्या घरी आणलं, शिवायला आणि सोबतीला. मी तिला आपा म्हणायचे. बाहेरच्यांसाठी मी मोलकरीण होते, कागदावरही तेच. घरात दुपारी आम्ही दोघी एका ताटात कुळथाची पिठी आणि भात जेवत असू. इराकचं सैन्य आलं ते सात महिनेही मी तिथेच काढले. भारतीयांना परत न्यायला विमान होतं, पण आपाला एकटं टाकून जाववलं नाही.

खालिद १९९४ साली गेले. त्यांना मूल नव्हतं. मग घराचे सगळे कागद त्यांच्या पुतण्याकडे, यूसुफकडे गेले. माझा इकामाही, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्याच नावावर लागला. तिकडे परदेशी माणसाला कोणीतरी जामीनदार लागतो, त्याला कफील म्हणतात. कफीलने सही केली तर तुम्ही आहात. नाही केली तर नाही. दुसऱ्याच्या नावावर जायचं तरी जुन्या कफीलची सही हवीच.

यूसुफ वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. ईदला मला कापड पाठवायचा. आपाचं रक्त तपासायचं असलं की स्वतः गाडी घेऊन यायचा. पण १९९९ मधली एक संध्याकाळ आपा विसरली नव्हती. त्या वर्षी बायकांना मताचा हक्क देण्याचा प्रश्न मजलिसमध्ये आला आणि बत्तीस विरुद्ध तीस असा पडला. यूसुफची दिवानिया आमच्याच घराच्या पुढच्या दालनात भरायची. दिवानिया म्हणजे पुरुषांची रोजची बैठक, तिथेच सगळं राजकारण शिजतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत गेले तेव्हा आत हशा चालला होता. यूसुफ म्हणत होता, "आमच्या काकूला विचारा, मजलिस कुठे आहे ते तरी माहीत आहे का? तिला मासळीबाजार माहीत आहे." मी ट्रे ठेवून मागे वळले, तर आपा माझ्या पाठीशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत जाऊन पापलेट साफ करायला बसली आणि एका माशाचे फार बारीक तुकडे केले.

तिला मजलिस चांगली माहीत होती. खालिद तिला सगळं सांगत. तिकडे राजा आहे, त्याला अमीर म्हणतात. घराणं एकच, पण बापामागून थोरला मुलगा अशी सरळ रीत नाही. घराण्यातली मोठी माणसं मिळून एक नाव ठरवतात आणि मजलिसने त्याला होकार द्यावा लागतो. २००६ च्या जानेवारीत जुने अमीर वारले आणि ज्यांची पाळी होती ते इतके आजारी की शपथ घेणंही जड. दहा-बारा दिवस सगळा देश टीव्हीपुढे श्वास रोखून बसला होता. शेवटी मजलिस बसली आणि तिने निकाल केला.

आपा टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, साखर कमी होत नव्हती म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. ती म्हणाली, "आनंदी, बघितलंस काय? अमीर कोण होणार ते पण मतावर ठरतं."

"मग?"

"मग माझ्या मताला कोण नाय म्हणतो ते मी बघते."

बायकांचा हक्क आदल्याच वर्षी मंजूर झाला होता. सरकारने बायकांची नावं आपणहून यादीत घातली. मे महिन्यात मजलिस बरखास्त झाली, निवडणूक लागली, आणि आमच्या भागातून यूसुफ उभा राहिला. दिवानियाच्या दाराबाहेर त्याचा मोठा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, बहिणींनो, तुमचा आवाज माझी ताकद. मला अरबी वाचता येत नाही, नझीरने वाचून दाखवलं. आपा इतकी हसली की तिला ठसका लागला.

हा नझीर म्हसळ्याकडचा. यूसुफचा मंदूब. सरकारी कचेऱ्यांत कागद घेऊन फिरणाऱ्या माणसाला तिकडे मंदूब म्हणतात. प्रत्येक घराचा, प्रत्येक कंपनीचा एक असतो. तो दाराशी येऊन जो कागद मागेल तो द्यायचा, का म्हणून विचारायचं नाही, पावती मागायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी कागद शिक्का मारून परत येतो. बारा वर्षं आम्ही हेच करत होतो. पासपोर्ट सुद्धा मी असाच त्याच्या हातावर ठेवत आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नझीर आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. "मावशी, रेशनकार्ड बदलायचंय. खालाचा जिन्सिया द्या. अस्सल लागतो."

खाला म्हणजे आपा, आणि जिन्सिया म्हणजे नागरिकत्वाचा दाखला. आपाला डोळ्यांची अडचण झाल्यापासून कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. त्या दाखल्याला मी हिरव्या खणाचं कव्हर शिवलं होतं, म्हणजे तिला हाताने चाचपून कळावा. मी तो काढला आणि नझीरला दिला. वर त्याला थंड ताकही दिलं. त्याने ताक अर्धंच प्यायलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आठवडा गेला. एक दिवस सकाळी आपा म्हणाली, "माझा जिन्सिया काढून ठेव गो. मत द्यायला तोच दाखवावा लागतो. त्याच्यावर शिक्का मारतात."

माझे हात कणकेत होते. 

"नझीरने नेलाय," मी म्हटलं. "रेशनकार्डासाठी."

"रेशनकार्ड? ते तर रमजानच्या आधीच बदललं!"

हे मला आठवायला हवं होतं. मी स्वतःच ते नवीन कार्ड डब्यात ठेवलं होतं. मी हात न धुताच फोन उचलला. नझीर आधी ऐकू येत नाही म्हणाला, मग ऐकू आलं. "मावशी, ते बाबांकडे आहेत." बाबा म्हणजे यूसुफ. "खालाच्या एकटीचा नाही. त्यांच्या नात्यातल्या चाळीस बायकांचे आहेत. मतदानाच्या दिवशी शाळेच्या दाराशी मिळतील सगळ्यांना."

"आधी का नाही?"

"म्हणजे कोणी दुसरीकडे जायला नको. ज्या शपथ घेतील त्यांना मिळणार." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला विचारू नका. माझा पण इकामा त्यांच्याकडेच आहे."

मी आपाला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "खालिदने तो दाखला इराक्यांपासून लपवला. मैद्याच्या डब्यात, सात महिने. आणि तू ताक पाजून देऊन टाकलास."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

त्याच आठवड्यात लैला घरी आली. यूसुफच्या विरुद्ध उभी राहिलेली एकटी बाई. मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, पायात सपाट चपला, हातात कागदांची पिशवी. दालनात न बसता सरळ स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर बसली. मी जिऱ्याचं पाणी दिलं. तिने मत कसं द्यायचं ते समजावलं. पडद्यामागे जायचं, कागदावर खूण करायची. दोन नावांवर करता येते, एकावर केली तरी चालते.

आपाने विचारलं, "आणि ज्याला दिसत नाही त्याने?"

"त्याने टेबलापाशी न्यायाधीशांना नाव सांगायचं. ते खूण करतात."

"टेबलापाशी आणखी कोण असतं?"

लैला म्हणाली, "प्रत्येक उमेदवाराची एक प्रतिनिधी. बायकांच्या खोलीत बायकाच. माझ्याकडून माझी बहीण असेल. यूसुफकडून त्याची बायको बसणार आहे असं ऐकलंय."

म्हणजे आपा जे नाव घेईल ते यूसुफच्या बायकोच्या कानावर पडणार. लैलाने मत मागितलं नाही. जाताना म्हणाली, "खाला, तुम्ही घरीच राहिलात तरी मी समजून घेईन." 

यूसुफ वीस तारखेला आला. पांढरा शुभ्र दिशदाशा, म्हणजे पायघोळ झगा, अंगाला ऊदचा वास, हातात मिठाईचं मोठं तबक. आपाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मी कोपऱ्यात कपड्यांना बटणं लावत होते. अरबी मला वाचता येत नसलं तरी ऐकून सगळं समजायचं, आणि हे त्याला ठाऊक होतं.

"काकू, घराचं मत घरात राहिलं पाहिजे," तो म्हणाला. त्याने खिशातून छोटं कुराण काढून टेबलावर ठेवलं. "सगळ्याजणींनी हात ठेवला. तुम्हीही ठेवा. मग मला काळजी नाही."

"हे उचल," आपा म्हणाली. "ते मला तोंडपाठ आहे. त्यात तुझं नाव कुठे आलेलं नाही."

यूसुफ हसला. त्याला राग आला की तो हसायचा. कुराण अदबीने डोळ्यांना लावून त्याने खिशात ठेवलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "आनंदी, तुझा इकामा दहा जुलैला संपतोय ना? कागद माझ्या टेबलावर आहे. एकोणतीसला सगळं नीट पार पडलं की तीसला सही करतो."

एवढंच बोलला. मिठाई खा म्हणाला आणि गेला. त्या दिवशी सुई तीनदा माझ्या बोटात गेली.

माझं वय तेव्हा एकसष्ट. एकदा इकामा गेला की त्या वयात घरकामाचा नवा व्हिसा मिळत नव्हता. आणि मी जायचं कुठे? गावी भाऊ होता, त्याची सून होती, त्यांच्या घरात माझी एक ट्रंक होती. सत्तावीस वर्षं मी दस्मानच्या त्या घरात उठले-बसले. आपाची इन्सुलिनची सुई कोण देणार? तिच्याशी मराठीत कोण बोलणार?

मी तिला न सांगता शुवैखला गेले. तिथे यूसुफची लाकडाची वखार होती, वर कचेरी. जिन्यातच भुशाचा वास. तो एकटाच होता. टेबलावर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, त्यात सगळे दाखले उभे लावून ठेवलेले, आणि त्यांच्यात माझा हिरवा खण.

"बाबा यूसुफ," मी म्हटलं, "माझ्यावर राग काढू नका. म्हातारी हट्टी आहे. इराकी आले तेव्हा सुद्धा मी हे घर सोडलं नव्हतं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. खरंच मऊ आवाजात म्हणाला. "मी तुझ्याविरुद्ध काहीच करत नाही, आनंदी. पोलिसात जात नाही, विमानाचं तिकीट हातात देत नाही. मी फक्त सही करत नाही. तू तिच्याजवळ असतेस. तिला समजाव."

मी समजावलं. अगदी मनापासून समजावलं, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी येऊन मी म्हटलं, "आपा, दोन मतं आहेत ना? एक लैलाला द्या, एक त्याला. त्याच्या बायकोच्या कानावर त्याचं नाव पडेल, झालं."

"अर्धी भाकरी इकडे, अर्धी तिकडे? मला मासळीबाजारच माहीत आहे म्हणाला ना तो? तिथे मी सडका मासा ताज्याबरोबर घेत नाही."

"इथे माझ्या पोटावर पाय येतोय!"

"म्हणून तर म्हणते, मी जातच नाही मत द्यायला. दाखला राहू दे त्याच्या डब्यात."

"तुम्ही गेला नाहीत तरी तो सही करणार नाही. तुम्ही यावं आणि त्याचं नाव घ्यावं, एवढं हवंय त्याला!"

तिने चेहरा माझ्याकडे वळवला. नीट दिसत नसलं तरी ती तोंडाकडे बघूनच बोलायची. "आनंदी, खरं सांग. तू सांगशील ते मी करते. यूसुफ म्हणालीस तर यूसुफ. त्या बाईसमोर खणखणीत बोलते, शिक्का मारून घेते, घरी येते. परत कधी विषय काढणार नाही. तुझ्याशिवाय मला मत काय करायचंय?"

मी म्हटलं, उद्या सांगते.

तो उद्या म्हणजे अठ्ठावीस तारीख. सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. भट्टीतून यावी तशी हवा येत होती. मी आयुष्यात मत एकदाच दिलं होतं, १९७७ साली, गावच्या शाळेत. सासरे म्हणाले होते अमक्याला दे, आणि मी आत जाऊन तमक्याला दिलं. कोणाला कळलं नाही. महिनाभर नखावर शाई होती आणि भाकरी थापताना मी ती बघत असे. त्यानंतर वर्षभरात मी परदेशी गेले, यादीतून नाव गेलं. कुवेतमध्ये मला कोणी कधी काही विचारलंच नव्हतं, आणि आता एक बाई तिची चाळीस वर्षांची वाट माझ्या हातात देऊन म्हणत होती, तू सांग.

मी शेवटचा टॉवेल पिळला, आत गेले आणि म्हटलं, "आपा, काम झालं. नझीरने आत्ता फोन केला. परवाच्या गठ्ठ्यात माझाही कागद गेला, यूसुफने न बघता सही केली. वर्षभराचा शिक्का बसला."

"शपथ?"

"देवाशपथ."

मी देवाची खोटी शपथ घेतली. तिने दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं, डोळे ओले आहेत का बघायला. घाम होता सगळीकडे, तिला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी मुलींच्या शाळेबाहेर जत्रेसारखी गर्दी. उमेदवारांचे थंड हवेचे तंबू, पाण्याच्या बाटल्या, टीव्हीवाले, तान्ही मुलं घेतलेल्या आयाबाया. आम्ही मुद्दाम चारच्या सुमारास गेलो, गर्दी ओसरते तेव्हा. यूसुफच्या तंबूत नझीर तो बिस्किटांचा डबा घेऊन बसला होता. बाई आली की यादीत नाव बघायचा, दाखला द्यायचा. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला.

"खालाचा देता येत नाही," तो मला म्हणाला. "यादीत त्यांच्या नावापुढे खूण नाही. शपथ झालेली नाही."

"आणि मी आत्ता इथे ओरडले तर?" आपा म्हणाली. "टीव्हीवाले आहेत. पोलीस आहेत."

"ओरडा, खाला. मला आत टाकतील, बाबा म्हणतील मंदूबने चोरले. आणि मावशीचं तर आधीच..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. जोरात.

"मावशीचं काय आधीच?" आपाने विचारलं.

नझीरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, अगदी जराशी. त्याला सगळं ठाऊक होतं. माझा कागद सही न होता कुठल्या ड्रॉवरमध्ये पडलाय ते त्यानेच पाहिलेलं. त्याने रुमालाने कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं. तंबूच्या दुसऱ्या टोकाला यूसुफ पाहुण्यांना मिठी मारत होता, आमच्याकडे पाठ होती.

"मावशीचं आधीच काम झालंय म्हणतो मी," नझीर म्हणाला. "सकाळपासून चहा नाही मिळाला. मी चहा घेऊन येतो. डबा इथे आहे, जरा लक्ष ठेवा."

आणि तो खरंच गेला.

माझ्यापासून डबा हातभर. दोन पावलांवर एक पोलीस फोनवर बोलत होता. मी तो डबा उघडताना कोणी पाहिलं असतं तर नागरिकांचे दाखले चोरणारी मोलकरीण म्हणून मी थेट तुरुंगात गेले असते.  यूसुफचं हसणं ऐकू येत होतं. तो आता वळेल, आता वळेल असं वाटत होतं. मग मी शिवणाच्या डब्यातून रीळ काढावं तसं खाली न बघता बोटं आत घातली. गुळगुळीत पुठ्ठे, गुळगुळीत पुठ्ठे, आणि मग खणाची खरखर. ओढला. आपाच्या तळहातावर ठेवला. तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि माझा दंड धरून चालू लागली.

दाराशी बाईपोलिसाने मला थांबवलं. परदेशी माणसाला आत जायला मनाई. आपाला एका स्वयंसेवक मुलीने हाताला धरून नेलं. मी कुंपणाच्या भिंतीला टेकून उभी राहिले. भिंत इतकी तापली होती की पाठ भाजत होती, पण दार तिथूनच दिसत होतं. यूसुफने मला तंबूतून पाहिलं. नझीरच्या यादीकडे पाहिलं. नझीर चहाचे दोन ग्लास घेऊन परत आला होता, त्याला काहीतरी विचारलं. नझीर डब्यात बघत उभा राहिला.

वीस मिनिटांनी आपा बाहेर आली. अबायाची कड हातात, तोंड लालबुंद.

"काय झालं?"

"चल आधी."

गाडीत बसल्यावर तिने सांगितलं. न्यायाधीश भला माणूस होता. म्हणाला, आई, हळू बोला, माझ्या कानाशी बोला. यूसुफची बायको समोरच, ताजी मेंदी काढून बसलेली, वासावरून कळलं. "मी म्हटलं, कानात सांगायला मी चोर आहे काय? आणि मी मोठ्यानं बोलले. लैला. तिच्या बापाचं, आजाचं, सगळं नाव घेतलं. त्यांनी विचारलं, दुसरं नाव? मी म्हटलं, दुसरं नाही."

"आणि ती?"

"कोण, यूसुफची बायको? तिनं मान खाली घातली." आपा म्हणाली. "मला वाटलं ती रागावेल. ती रागावली नव्हती गो. निदान मला तसं वाटलं. मला कुठे नीट दिसतंय."

मग घरी पोचेपर्यंत ती दाखल्यावरच्या शिक्क्यावर बोट फिरवत होती, जणू तो हाताला लागणार होता.

त्या निवडणुकीत एकही बाई निवडून आली नाही. यूसुफ आला, चांगल्या फरकाने आला. आपाच्या एका मताने त्याचं काही बिघडलं नाही. तरी त्याने सही केली नाही. दहा जुलै उलटली, कचेरीतून निरोप आला, आणि मग आपाला माझं खोटं कळलं. तिने मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. यूसुफला फोन करून तिने विनवण्या केल्या, त्याच बाईने, जिने एकदाही मान वाकवली नव्हती. तो फार गोड बोलला आणि कागद शोधतो म्हणाला. ऑगस्टच्या नऊ तारखेला मी विमानात बसले. आपा विमानतळावर आली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. यूसुफ दोन वर्षांनी, २००८ मध्ये, पुन्हा उभा राहिला आणि पडला. मग त्याने राजकारण सोडलं. त्याच्या बायकोने, तिकडच्या ओळखीतून नझीरला कळलं, त्या वर्षी घरी डोकं दुखतंय म्हणून त्याची प्रतिनिधी व्हायचं नाकारलं. लैला परत उभी राहिली नाही. शाळेतल्या मुलींना शिकवण्या घ्यायची. २००९ मध्ये कुवेतच्या मजलिसमध्ये चार बायका निवडून आल्या तेव्हा तिने आपाकडे मिठाई पाठवली. नझीरला यूसुफने २००६ च्या त्या निवडणुकीनंतर महिन्याभरात काढलं. तो म्हसळ्याला आला, झेरॉक्स आणि दाखल्यांचं दुकान टाकलं. कोणाचाही अस्सल कागद हातात आला की आधी पावती लिहून देतो, असं तो मला फोनवर म्हणाला. मी त्याला म्हटलं, शहाणपण उशिरा सुचलं. तो म्हणाला, मावशी, तुम्हाला पण.

मी भावाच्या घरी राहिले, मशीन घेतलं, अजूनही थोडं शिवते.

बिल्कीसआपा २०१२ च्या हिवाळ्यात गेली. शेवटची सहा वर्षं तिच्याजवळ एक श्रीलंकेची मुलगी होती, चांगली होती म्हणतात. मी परत आल्यावर जवळजवळ दोन वर्षं आपाने मला फोन केला नाही आणि माझा उचललाही नाही. खोटी शपथ तिला सोसली नव्हती. मग २००८ च्या मे महिन्यात एका दुपारी फोन वाजला.

"डोळे झाले गो," ती म्हणाली. ना कशी आहेस, ना काही. "दोन्ही झाले. आज मत दिलं. पडद्यामागे, एकटीनं. नावं सगळी वाचली."

 काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कोणाला दिलंत?"

"तुला काय करायचंय?" आपा म्हणाली, आणि मग खूप वेळ आम्ही माशांच्या भावाबद्दल बोलत राहिलो.